तरोटा फुलण्याआधी

वाघासाठी आम्ही जे काम करतो, ते बहुतेक वाकून तण उपटण्याचं. मेळघाटातली बोरी, कोहा, कुंड ही गावं या शतकाच्या सुरुवातीला उठली आणि त्यांची शेतं मोकळी पडली. माणूस गेला की आपोआप कुरण होतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. नांगरलेल्या जमिनीत आधी तरोटा घुसतो, मागोमाग रानतुळस. चितळं त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. एका वाघाला वर्षाला चितळ-सांबराएवढी सुमारे 50 जनावरं लागतात. तेवढी खाऊनही कळप टिकायचे, तर आसपास 500 तरी हवीत. ती जगणार गवतावर.

तरोटा पावसात, माती ओली असताना मुळासकट उपटायचा, तोही फुलण्याआधी. विळ्याने कापला तर बुडातून फुटतो. शेंग तडकली तर बी जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. म्हणून साफ केलेल्या तुकड्यावर दर पावसाळ्यात पुन्हा फिरावं लागतं. रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, तऱ्हा वेगळी. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबूंच्या पद्धतीप्रमाणे तिचं मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटांवर तोडायचं आणि झुडूप मुळं वर करून उलटं ठेवायचं, म्हणजे पुन्हा रुजत नाही.

मग बियाणं. पवन्या, मारवेल ही गवतं पावसाळा सरता पिकतात. कणसावरून मूठ ओढली की जे सहज हाती येतं तेच पक्कं, हे इथल्या कोरकू आदिवासी बायांच्या बोटांना नेमकं कळतं. ही कुरणं त्यांच्याच लोकांच्या शेतांवर उभी आहेत. मजुरी तर त्यांना मिळावीच, पण कुठे काय पेरायचं हेही त्यांना विचारलं पाहिजे.

मोकळी जागा दिसली की झाडं लावायचा आग्रह होतो. मी ठाम नाही म्हणतो. सावलीत हे गवत मरतं. सगळं गवत आखूड राखणंही तितकंच वाईट. चितळांना कोवळं, आखूड गवत आवडतं हे खरं. पण कान्हात 1970 साली अवघे 66 बारशिंगे उरले होते. त्यांच्या माद्या पाडसं उंच गवतात दडवतात. गावं हलली, चराई थांबली, वणवे आवरले, उंच गवत परतलं, तेव्हा ते वाढले. आज ते शेकड्यांनी आहेत. मेळघाटात बारशिंगा नाही, पण सांबराच्या पाडसालाही आडोसा लागतो. म्हणून ओढ्याकाठचं उंच गवत मी कुणाला कापू देत नाही.