गंजाचा रंग

डोक्यावरचा पहिला पांढरा केस आपल्याला कधीच दिसत नाही. तो शेजारणीला दिसतो. माझा दिसला तो समोरच्या वहिनींना, आणि तोही भर जिन्यात, दोघींच्या हातात दुधाच्या पिशव्या असताना. "अगबाई, इतक्यात?" असे त्या म्हणाल्या. त्या 'इतक्यात'मध्ये जी सहानुभूती होती, तिने मला रात्रभर झोप लागू दिली नाही. माझे वय तेव्हा बेचाळीस. माझ्या कादंबऱ्यांतल्या नायिका या वयाला मोठ्या धीराने पोचतात. रुपेरी बट मागे सारून खिडकीबाहेर पाहतात. मी मात्र दुसऱ्याच दिवशी चिंचवडच्या बाजारातून काळ्या रंगाची पुडी आणली.

पुडीचे फळ लगेच मिळाले. केस असे काळे झाले की वर्गातल्या फळ्याने मान खाली घालावी. त्या काळ्याखाली चेहरा मात्र एकदम ओढलेला दिसू लागला. तिसऱ्या दिवशी कानामागे खाज सुटली आणि चौथ्या दिवशी पापण्या सुजल्या. डॉक्टरांनी मला पुडीवरचा बारीक मजकूर वाचायला लावला. त्यात पॅराफेनिलीनडायअमीन असे एक लांबलचक नाव होते. गडद रंगांत हे द्रव्य पुष्कळदा असते. बहुतेकांना ते मानवते, काहींना मुळीच मानवत नाही. म्हणून कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर रंग लावून ४८ तास वाट पाहायची असते. मी ४८ मिनिटेही पाहिली नव्हती.

मग मी मेंदीकडे वळले. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे एक तांबूस द्रव्य असते. लिंबू पिळलेल्या पाण्यात पूड कालवून काही तास ठेवली की ते सुटे होते आणि केसाला घट्ट धरून बसते. मेंदी केसाचा काळेपणा काढीत नाही, त्यावर आपला रंग चढवते. म्हणून काळ्या केसावर तिची नुसती झाक दिसते, तीही उन्हात. आणि पांढऱ्यावर ती भडक नारिंगी होते. राजस्थानातल्या सोजतची मेंदी विशेष नावाजलेली. तिला २०२१ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. चहाचे पाणी, काताची पूड, लोखंडी कढई हे आपले घरोघरचे उपाय त्या नारिंगीला जरा तपकिरीकडे नेण्यासाठी. 'काळी मेंदी' म्हणून जी विकतात, तिच्यात मात्र पुष्कळदा तेच लांबलचक नाव दडलेले असते. एकदा पापण्या सुजल्या की माणूस बारीक अक्षरे वाचायला शिकतो!

रविवारी मेंदी लावून सोमवारी शाळेत गेले. पहिल्या बाकावरचा एक मुलगा माझ्याकडे टक लावून पाहत होता. त्याचे वडील भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला. अखेर त्याच्याने राहवेना. "बाई," तो म्हणाला, "तुमच्या डोक्याला गंज चढलाय."

सारा वर्ग हसला, मीही हसले. पिंपरी-चिंचवडच्या मुलाला तांबड्या रंगाची दुसरी कोणती उपमा सुचणार? त्याच्या अंगणात पळस फुलत नाही, भंगाराचे ढीग असतात. पण घरी येऊन आरशात पाहिले तो काय, चेहऱ्यावरची ओढ गेली होती. काळ्याने जे हिरावून नेले होते ते या गंजाने परत आणून दिले होते.

हे कोडे उलगडून सांगितले समोरच्या वहिनींच्या मुलीने. ती रसायनशास्त्र शिकलेली, आणि मी मॅट्रिकपुढे न गेलेली. तेव्हा तिने फार सोपे करून सांगितले. ती म्हणाली, "मावशी, आपल्या काळ्या केसाच्या पोटातच तांबडा रंग असतो. पेरॉक्साइडने काळा उडवला की आधी तांबडा, मग नारिंगी, मग पिवळा दिसतो. म्हणून ऊबदार रंग आपल्या केसांना परके वाटत नाहीत." रंगांच्या खोक्यांवरचे आकडे वाचायलाही तिनेच शिकवले. पहिला आकडा केस किती गडद ते सांगतो: १ म्हणजे काळाभोर, १० म्हणजे अगदी फिकट. टिंबानंतरचा आकडा रंगाची जात सांगतो. पुष्कळ खोक्यांवर ३ सोनेरी, ४ तांब्याचा, ५ महोगनीचा, ६ लाल. आपल्या सावळ्या वर्णाला चारपाचाच्या घरातला तपकिरी आणि त्यात तांब्याची किंवा महोगनीची झाक शोभते. लाल रंग लवकर उडतो, म्हणून कढत पाण्याने न्हायचे नाही. आणि घट्ट अंबाड्यात ती झाक दडून जाते. सैल वेणी घातली की पेडापेडातून उठून दिसते.

हे रंग फार लांबून येतात असेही नाही. लॉरेआल या फ्रेंच कंपनीचा कारखाना आमच्या शेजारी चाकणलाच आहे. यूजीन शुएलेर नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली पॅरिसमध्ये ही कंपनी काढली, तेव्हा तिच्या नावाचा अर्थच 'केसांच्या निरुपद्रवी रंगांची फ्रेंच कंपनी' असा होता. फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाएस्तेखानाशी झुंजवलेला किल्ला आणि कांद्याचा बाजार यांसाठी ज्या चाकणचे नाव घ्यायचे, त्याच्या वेशीवर पॅरिसचे नाव यावे, ही कालगतीच!

पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. गेल्या धनत्रयोदशीला रात्री मी मेंदी कालवीत बसले होते. सासूबाई कढईशी येऊन बसल्या. चाकणकडच्या शेतकरी घरातल्या त्या लेकी. बत्तिसाव्या वर्षी विधवा झालेल्या, आता पंचाहत्तरीच्या पुढे. बराच वेळ वास घेत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, उरेल का थोडी?"

मला आधी कळलेच नाही. मग कळले, आणि हातातला चमचा थांबला. विधवांच्या केशवपनाविरुद्ध १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनीच हत्यारे खाली ठेवली होती, हे मी मुलांना शिकवते. "आमच्यात केस काढत नसत," सासूबाई म्हणाल्या, "पण कुंकू गेलं, गजरा गेला, मेंदी गेली. कुणी नको म्हटलं नाही हो. कुणी लाव असंही म्हटलं नाही." चाळीस वर्षांहून अधिक काळ त्या माझ्या घरात, माझ्या नणंदांच्या लग्नांत, मेंदीच्या ताटापासून दोन हात लांब बसत आल्या होत्या; आणि मी, कादंबऱ्या लिहिणारी बाई, त्यांना एकदाही 'लावता का' म्हणून विचारले नव्हते.

"आई, आधी तुम्हांला लावू," मी म्हणाले. आधी कोपरावर लावून पाहिली. मग नरकचतुर्दशीचे न्हाणे नुसत्या तेलाउटण्याचे झाले, आणि लक्ष्मीपूजनाच्या दुपारी त्यांच्या पांढऱ्याशुभ्र केसांवर मेंदी चढली. धुतल्यावर केस इतके नारिंगी निघाले की मी घाबरले. त्यांनी आरसा मागितला, पाहिला आणि पालथा ठेवला. "मामा भाऊबीजेला येणार. काय म्हणेल?" एवढेच बोलल्या.

मेंदीचा एक गुण मला तेव्हा कामी आला. हवा लागली की एकदोन दिवसांत तिचा नारिंगीपणा उतरून रंग खोल होतो. भाऊबीजेपर्यंत तो विटकरी झाला होता. मी सैल वेणी घालून दिली. गजरा मात्र त्यांनी नको म्हटला.

मामा आले. ओवाळून घेताना बहिणीच्या डोक्याकडे एकदा पाहिले, मग ताटाकडे पाहिले. जेवले, कांद्याच्या भावाबद्दल बोलले आणि गेले. सासूबाई संध्याकाळभर गप्प होत्या.

आठ दिवसांनी मामींचा फोन आला. खुशाली झाली, हवापाणी झाले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "तुझ्या सासूला विचार गं, त्यात काताची पूड किती घातली होती?"

फोन मी सासूबाईंच्याच हातात दिला.