होल स्क्वेअरचा कंस कुठे उघडला?

अंध विद्यार्थ्यांसाठी मी विज्ञानाची इंग्रजी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. गद्य सोपं असतं. पान समीकरणांनी भरलं की मात्र घशाआधी डोकं दमतं. कागदावर समीकरण वरखाली, आडवंउभं कसंही पसरतं. आवाजाला एकच दिशा, पुढची.

शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलेलं ‘ए प्लस बी होल स्क्वेअर’ घ्या. समोर फळा असेपर्यंत त्यात काही खोट नाही. पण हा ‘होल’ येतो शेवटी. कंस मिटल्यावर कळतं, की मागे कुठेतरी तो उघडला होता. आता ‘सी इन्टू ए प्लस बी होल स्क्वेअर’ नुसतं ऐका. वर्ग फक्त ए आणि बीच्या बेरजेचा, की सीसकट सगळ्याचा? डोळस विद्यार्थी मान वर करून बघतो आणि मोकळा होतो. त्यातला ‘इन्टू’ तर आणखी बेभरवशाचा. आपल्याकडे ‘थ्री इन्टू फोर’ म्हणजे बारा. इंग्लंड-अमेरिकेत ‘थ्री इन्टू ट्वेल्व्ह’ म्हटलं की बाराला तिनाने भागायचं असतं. परदेशी व्याख्यानंही ऐकणाऱ्या मुलासाठी मी सरळ ‘टाइम्स’ म्हणते.

या गोंधळावर सर्वांत कडक उपाय शोधला तो अब्राहम नेमेथ यांनी. हे अमेरिकेतले जन्मांध गणितज्ञ. गणिताची त्यांची ब्रेल लिपी १९५२ साली प्रसिद्ध झाली. वाचून दाखवण्याची पद्धतही त्यांनी बसवली. तिच्यात अपूर्णांक सुरू झाला की तसं सांगायचं, संपला की तेही सांगायचं, वर्गमुळाचंही तसंच. वर्गसमीकरणाच्या सूत्रात ‘स्क्वेअर रूट ऑफ बी स्क्वेअर्ड मायनस फोर ए सी’ म्हणून थांबलं, तर मूळ बीच्या वर्गावरच संपलं की सीपर्यंत गेलं, हे कानाला कळत नाही. नेमेथ यांच्या पद्धतीत शंकेला जागाच नाही. माझी तक्रार एवढीच, की लांबलचक समीकरणात या उघड-मिट घोषणाच इतक्या होतात की मधलं गणित त्यांत बुडून जातं. म्हणून मी आधी सांगाडा सांगते: डाव्या बाजूला एक्स, उजवीकडे एक मोठा अपूर्णांक, अंशात वर्गमूळ. मग तपशील.

खुणा नीट सांगितल्या तरी विषय ओळखावा लागतोच. अक्षरावरची आडवी रेघ संख्याशास्त्रात सरासरी असते, तर्कमंडलांच्या पुस्तकात नकार; वाचायचं दोन्हीकडे ‘बार’च. एकच उभी रेघ संभाव्यतेत ‘गिव्हन’, संख्या सिद्धांतात ‘डिव्हाइड्स’, आणि जोडीने आली की आपल्याकडे ‘मॉड’. रसायनशास्त्रातला चौकोनी कंस तर कित्येकदा कंस म्हणून वाचायचाच नाही, ‘कॉन्सन्ट्रेशन ऑफ’ म्हणायचं. एकक सदिशावरच्या टोपीला आपण ‘आय कॅप’ म्हणतो, बाहेर ‘आय हॅट’. टोपी तीच, म्हणून ही दोन्ही मला चालतात!

टी. व्ही. रामन यांचं काम कळलं तेव्हा मला वाचणाऱ्या माणसाच्या आवाजाची मर्यादा कळली. ते मूळचे पुण्याचे; किशोरवयात दृष्टी गेली, पुढे आयआयटी मुंबई आणि मग कॉर्नेल. तिथे १९९४ साली पीएच.डी.साठी त्यांनी ‘अ‍ॅस्टर’ ही संगणकप्रणाली केली. नाव त्यांच्या वाटाड्या कुत्रीचं. घातांक आला की ती सूर चढवते. त्याहून मोलाचं म्हणजे, ऐकणारा समीकरणात स्वतः फिरू शकतो: हवा तो अपूर्णांक उघडावा, नको तो ओलांडावा. माझ्या ध्वनिफितीत मी ठरवीन त्याच क्रमाने त्याला ऐकावं लागतं.

तरी ‘होल’ मी पूर्णपणे टाकलेला नाही. ध्वनिमुद्रणाआधी विद्यार्थ्याला विचारून घेते, वर्गात तुमच्या मॅडम याला काय म्हणतात? हायपरबोलिक साइनला कोणी ‘शाइन’ म्हणतं, कोणी ‘साइन एच’. रोज कानावर पडणारा उच्चार माझ्या ध्वनिफितीत नसेल, तर त्याला एकच गोष्ट दोनदा शिकावी लागते. कंसाच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. परीक्षेत हाच विद्यार्थी बोलणार आणि शेजारी बसलेला लेखनिक लिहिणार. तो कला शाखेचा असू शकतो, आणि ‘होल’ कुठून सुरू झाला हे त्याला कोण सांगणार? ‘ओपन ब्रॅकेट’ म्हटलं की तो कंसच काढतो.