बारा गुंठे

गेल्या वैशाखांत पुण्याचा पुतण्या सुटीवर आला आणि पंगतींत म्हणाला, “काका, गांवचे १२ गुंठे विकून टाकूं व पन्हाळ्याच्या वाटेवर चांगली एकरभर जमीन घेऊं.” त्याच्या वडिलांस, म्हणजे आमच्या धाकट्या बंधूंस, ही कल्पना पसंत होती. आमच्या निवृत्तीचे चार पैसेही त्यांत पडावयाचे होते. तेव्हां जन्मभर शब्दरूपें पाठ करवून घेतलेल्या आम्हांस उतारवयांत जमिनीच्या बाजाराचे धडे गिरवावे लागले.

या बाजारास पेठ नाहीं. गुळाचा सौदा कोल्हापुरांत चारचौघांदेखत होतो. जमिनीचा भाव मात्र एजंटाच्या तोंडीं असतो. एकाच शिवारांत डांबरी सडकेला लागलेल्या रानाचा भाव एक, उपसा योजनेचें पाणी पोहोंचलेल्या उसाच्या रानाचा दुसरा आणि माळाचा तिसरा.

एजंटानें दाखविलेली जमीन काळी, सपाट, मन हरखून जावें अशी होती. जवळच म्हशी घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्यास आम्ही सहज विचारलें, “२०१९ सालीं पाणी कुठवर आलें होतें?” त्यानें मोटारीच्या खोलीच्या छपराकडे बोट दाखविलें. “आणि २०२१ ला?” “तवा खोली दिसलीच न्हाई.” पूरपट्ट्यांतील जमीन उन्हाळ्यांतच कां दाखवितात, हें तेव्हां उमगलें.

तिचा सातबारा काढविला, तो भोगवटादार वर्ग २ चा निघाला. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून तिची विक्री नाहीं. ‘भोगवटादार’ हा शब्द पाहून आमच्यांतील मास्तर क्षणभर जागा झाला. विज्ञानेश्वरांनीं मिताक्षरेंत आगम व भोग, म्हणजे मालकीचें मूळ आणि प्रत्यक्ष कबजा, यांचा ऊहापोह केला आहे. तोच भोग येथें तलाठ्याच्या रकान्यांत भेटला!

खरी पंचाईत पुढेंच होती. १९४८ च्या कुळकायद्याच्या ६३ व्या कलमान्वयें, शेतकरी नसलेल्यास परवानगीवांचून शेतजमीन घेतां येत नाहीं. त्याच कायद्यानें १ एप्रिल १९५७ रोजीं कसणारीं कुळें मालक झालीं, त्यांत वडिलांची भोगावतीकाठची जमीन गेली. वडिलांस त्याचें दुःख अखेरपर्यंत होतें. आम्हांस तितकें नाहीं, कारण राबत होते ते दुसरेच. उरले हे १२ गुंठे. ते विकले कीं घरांत शेतकरी म्हणवून घेण्यास कोणीच उरत नव्हतें. ज्याच्या बळावर पुतण्या एकर घेणार, तेंच आधीं विकावयास तो निघाला होता.

“मग निदान वांटून तरी घेऊं,” बंधू म्हणाले. तेंही जमेना. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आडवा आला. २०२३ सालीं बागायतीस १० गुंठ्यांची मर्यादा ठरली. बारांचे तीन भाग पाडावे कसे?

तीन म्हटलें, कारण आमची धाकटी बहीण मिरजेस असते. बंधूंच्या हिशेबांत भाग दोनच होते. वडिलांमागें तिचें नांव ‘इतर हक्क’ या रकान्यांत गेलें होतें (बहिणींचीं नांवें बहुधा तेथेंच जात), आणि हक्कसोडपत्रावर ती सही करील हें सर्वांनीं धरूनच चालविलें होतें. आम्हींही. हें लिहितांना संकोच वाटतो. २००५ च्या दुरुस्तीनें एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस मुलाइतकाच जन्मापासूनचा हक्क मिळाला, हें आम्ही त्या वेळीं वर्तमानपत्रांत वाचून शेजाऱ्यांस समजावून सांगितलें होतें!

बहीण आली. कागद पुढें केला तेव्हां म्हणाली, “सही करीन, दादा, पण आधीं तें रान एकदां दाखवा. लग्नानंतर मला तिकडे कोणीं नेलें नाहीं.”

नेलें. उसाच्या बांधावर ती बराच वेळ उभी राहिली. चिंचेखालची विहीर तिनें बरोबर ओळखली; आईबरोबर ती तेथें धुणें घेऊन जात असे. परततांना गाडींत एवढेंच म्हणाली, “मला पैसे नकोत. माझें नांव तेवढें तुमच्या रकान्यांत घ्या.”

हक्कसोडपत्राचा कागद आम्ही फाडला. तलाठ्याकडे अर्ज दिला असून फेरफाराची नोटीस निघाली आहे. बंधू अद्याप फारसे बोलत नाहींत. एजंटाचा फोन मात्र दर आठवड्यास येतो. ती जमीन अजून गेलेली नाहीं, असें तो सांगतो.