खेळाडूंचें मोल

"सर, यंदा तरी वार्षिकासाठीं कांहीं द्या," असा विद्यार्थी-संपादकांचा आग्रह झाला, तेव्हां एखाद्या संतकवीवर लिहावें असें प्रथम मनांत आलें. परंतु गेल्या वर्षीं एका विद्यार्थ्यानें मला जो धडा शिकविला, तो लिहून ठेवणें हेंच अधिक प्रामाणिकपणाचें होईल, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

नोव्हेंबर २०२४ मध्यें जेद्दा येथें इंडियन प्रीमियर लीगच्या खेळाडूंचा लिलाव झाला आणि ऋषभ पंत यांस लखनौच्या संघानें २७ कोटी रुपयांस घेतलें. दुसऱ्या दिवशीं दहावीच्या वर्गांत पाऊल टाकतांच तोच आंकडा माझ्या कानीं पडला. शिक्षकाला उपदेशाची संवय असते. प्रसंग मिळाला कीं तोंड आपोआप उघडतें. मीं म्हटलें, "मुलांनो, ज्याचे कष्ट अधिक, त्याला फळही अधिक, असा जगाचा नियमच आहे." त्यावर मागच्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला. आमच्या शाळेच्या संघांतील तो उत्तम गोलंदाज. त्यानें नम्रपणेंच विचारलें, "सर, माझे बाबा मार्केट यार्डांत हमाली करतात. दिवसभर पोतीं वाहतात. मग त्यांचे कष्ट कमी आहेत कां?"

वर्गांत कोणीही हंसलें नाहीं. तेवढ्यांत घंटा झाली आणि मी उत्तर न देतांच बाहेर आलों.

त्या रात्रीं मला स्वस्थ झोंप लागली नाहीं. जें वाक्य मीं वर्गांत फेंकलें, तें मीं माझ्या शिक्षकांकडून ऐकलें होतें व पुढें वीस वर्षें जसेंच्या तसें विद्यार्थ्यांच्या पदरांत टाकीत आलों होतों. तें खरें आहे कीं नाहीं हें एकदांही तपासलें नव्हतें. तेव्हां निरनिराळ्या खेळांतील वेतनाची माहिती मिळवून, तिची तुलना करूनच त्या मुलाला उत्तर द्यावयाचें, असा मीं निश्चय केला.

पुढच्या आठवड्यांत मराठीच्या तासाला मीं फळ्यावर गणित मांडलें. धंदेवाईक सांघिक खेळांचा मोठा बाजार अमेरिकेंत आहे, म्हणून आरंभ तेथूनच केला. तेथील कित्येक खेळांत एका संघानें सर्व खेळाडूंवर मिळून वर्षाला किती खर्च करावा, याची मर्यादा ठरलेली असते. २०२४-२५ च्या हंगामांत ही मर्यादा बास्केटबॉलमध्यें सुमारें १४ कोटी ६ लक्ष डॉलर होती व संघांत खेळाडू १५. अमेरिकन फुटबॉलमध्यें २०२४ सालीं ती २५ कोटी ५४ लक्ष होती, पण खेळाडू ५३. बर्फावरील हॉकींत ८ कोटी ८० लक्ष व खेळाडू २३. मुलांनीं भागाकार केला. बास्केटबॉलच्या खेळाडूच्या वांट्यास सुमारें ९३ लक्ष ७२ हजार डॉलर आले, फुटबॉलच्या ४८ लक्ष १९ हजार, आणि हॉकीच्या ३८ लक्ष २६ हजार. शिवाय बास्केटबॉलमध्यें कांहीं सवलतींच्या आधारें ही मर्यादा ओलांडतां येते. म्हणून तेथील खरी सरासरी याहूनही अधिक भरते.

आतां पहा, अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडील फुटबॉल नव्हे. त्यांत शिरस्त्राण घालून माणसें एकमेकांवर तुटून पडतात. डोक्याला व गुडघ्यांना इजा होणें ही नित्याची गोष्ट. त्याच्या ३२ संघांची मर्यादा एकत्र केली तर ती ८१७ कोटी डॉलरांच्या वर जाते. बास्केटबॉलच्या ३० संघांची ४२२ कोटींच्या आंतच राहते. म्हणजे ज्या खेळांत पैसा जवळजवळ दुप्पट व धोकाही मोठा, त्यांतील खेळाडूच्या हातीं निम्मेंच पडतें! कारण एवढेंच कीं, वांटेकरी अधिक आहेत. शिवाय बास्केटबॉल व बेसबॉल यांतील करार बहुधा पूर्ण हमीचे असतात. फुटबॉलमध्यें खेळाडूला संघांतून काढलें, तर हमी नसलेली पुढील वर्षांची रक्कम बुडते.

इतक्यांत एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "पण सर, सामने किती होतात?" बास्केटबॉल व हॉकी यांत नियमित हंगामाचे ८२ आणि फुटबॉलमध्यें १७. पुन्हां भागाकार झाला. एका सामन्यामागें बास्केटबॉलला १ लक्ष १४ हजार, हॉकीला सुमारें ४७ हजार, पण फुटबॉलला २ लक्ष ८३ हजार! पहिला क्रमांक बदलला. वर्गांत मोठी गडबड उडाली. मी म्हणालों, "भाजक बदलला कीं उत्तर बदलतें. म्हणून अमक्याला तमक्याहून अधिक मिळतें असें कोणी सांगूं लागला, कीं प्रथम विचारावें, कशानें भागून?"

यानंतर आपल्या लीगकडे वळलों. २०२५ च्या हंगामासाठीं प्रत्येक संघाला १२० कोटी रुपये खर्चण्याची मुभा होती आणि खेळाडू अधिकांत अधिक २५. म्हणजे प्रत्येकीं ४ कोटी ८० लक्ष. परंतु लिलावांतील सर्वांत खालची मूळ किंमत होती ३० लक्ष, आणि पंत यांस मिळाले तिच्या नव्वद पट. बेसबॉलमध्येंही तोच प्रकार. डिसेंबर २०२४ मध्यें हुआन सोटो यांनीं १५ वर्षांसाठीं ७६ कोटी ५० लक्ष डॉलरांचा करार केला, म्हणजे वर्षाला ५ कोटी १० लक्ष. त्याच वर्षीं त्या खेळांतील किमान वेतन ७ लक्ष ४० हजार होतें. सरासरी ही नदीच्या खोलीसारखी असते. तिच्या भरंवशावर पाण्यांत उतरणारा मध्यप्रवाहांत बुडतो.

मग हा पैसा येतो कोठून? तो कष्टाच्या मापानें येत नाहीं. पाहणारांच्या संख्येनें येतो. १९८३ सालीं भारतानें विश्वचषक जिंकला, तेव्हां विजेत्यांचा गौरव करण्यापुरताही पैसा क्रिकेट मंडळाजवळ नव्हता. लता मंगेशकर यांनीं दिल्लीस गायन करून निधि उभारला व प्रत्येक खेळाडूस एक लक्ष रुपये देण्यांत आले. पुढें २०२२ सालीं याच लीगचे सामने दाखविण्याचे पांच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांस विकले गेले. कपिल देव यांचा चेंडू आजच्या गोलंदाजांच्या चेंडूहून हलका पडत होता कां? चेंडू तोच, पाहणारे डोळे वाढले.

आणि डोळे वाढले तरी तो पैसा खेळाडूच्या हातीं आपोआप पडत नाहीं, हें इतिहास सांगतो. इंग्लंडांत १९०१ सालीं फुटबॉलपटूंस आठवड्याला चार पौंडांहून अधिक देऊं नये असा नियम झाला. मैदानें भरभरून वाहत होतीं, तरी १९६१ पर्यंत ही मर्यादा वीस पौंडांपलीकडे गेली नव्हती. जिमी हिल यांच्या पुढारीपणाखालीं खेळाडूंनीं संपाची तयारी केली, तेव्हां ती उठली. आणि लवकरच जॉनी हेन्स यांस आठवड्याला शंभर पौंड मिळूं लागले. अमेरिकेंत कर्ट फ्लड या बेसबॉलपटूनें १९६९ सालीं, आपणांस न विचारतां आपली दुसऱ्या संघाकडे रवानगी कां व्हावी, असा प्रश्न करून मोठ्या वेतनावर पाणी सोडलें. १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयांत तो हरला. त्याचा खेळही संपला. परंतु १९७५ सालीं एका लवादानें दोन खेळाडूंस बंधमुक्त केलें व पुढील खेळाडूंस दार उघडलें. आज कोट्यवधि डॉलर मोजून घेणारांपैकीं किती जणांस फ्लडचें नांव ठाऊक असेल?

"आणि मुलींचें काय?" असा प्रश्न येणारच होता. २०२३ च्या पहिल्या महिला लीगमध्यें संघाला १२ कोटी रुपये होते, तर त्याच वर्षीं पुरुषांच्या संघाला ९५ कोटी. आमच्या सांगलींत वाढलेल्या स्मृति मानधना यांस त्या लिलावांत सर्वांहून अधिक, म्हणजे ३ कोटी ४० लक्ष मिळाले. परंतु ऑक्टोबर २०२२ मध्येंच देशासाठीं खेळणाऱ्या स्त्रियांस व पुरुषांस सामन्याचें मानधन सारखेंच द्यावयाचें असें मंडळानें ठरविलें होतें: कसोटीस १५ लक्ष, एकदिवसीय सामन्यास ६ लक्ष व वीस षटकांच्या सामन्यास ३ लक्ष. म्हणजे बाजार एक मोल ठरवितो. पण माणसें मनांत आणतील तर दुसरेंही ठरवूं शकतात.

तास संपत आला, तेव्हां मीं त्या मुलाला उभें केलें आणि सर्वांसमक्ष म्हणालों, "बाळ, गेल्या आठवड्यांत मीं सांगितलें तें चुकीचें होतें. तुझ्या वडिलांचे कष्ट कमी नाहींत. त्यांचें पोतें पाहावयाला कोणी तिकीट काढीत नाहीं, आणि त्यांच्या ओझ्याचा दर ठरवितांना त्यांना कोणी विचारीत नाहीं. इतकाच काय तो फरक." तो कांहीं बोलला नाहीं, मान हलवून खालीं बसला.

महिन्यानें त्याचे वडील शाळेंत आले. अंगावर कामाचेच कपडे होते. म्हणाले, "मास्तर, पोरगं म्हणतंय, शाळा सोडून खेळतो. काय करावं?" मीं त्यांना हाच हिशेब सांगितला: वर पोंचलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत येतात, वाटेंत राहिलेल्यांचीं येत नाहींत, म्हणून खेळूं द्या, पण परीक्षेलाही बसवा. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्यानं घरी येऊन सांगितलं मला, मास्तरांनी वर्गात काय म्हटलं ते." एवढेंच बोलून त्यांनीं हात जोडले व ते गेले.

तो मुलगा परीक्षेस बसला, उत्तीर्ण झाला, आणि आजही दर रविवारीं गोलंदाजी करतो. तो पुढें कोठवर जाईल तें मला सांगतां येणार नाहीं. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील कोणी मोठा खेळाडू होवो आणि त्यास भरपूर द्रव्य मिळो. त्यांत वाईट कांहींच नाहीं. मात्र हातीं आलेल्या रकमेस आपल्या योग्यतेचें माप समजूं नका. आणि ज्यांच्या हातीं थोडें पडतें, त्यांचे कष्ट थोडे आहेत असें कोणी सांगितलें, मग तो तुमचा शिक्षक कां असेना, तर त्या मुलाप्रमाणें नम्रपणें उभे राहून विचारा.