आक्षीचा शिलालेख आणि एक स्वस्त कॅमेरा

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या वाटेवर आक्षी नांवाचें लहानसें गांव आहे. तेथील शिलालेख अनेक अभ्यासकांच्या मतें शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ मधील असून मराठीच्या अतिप्राचीन लेखांत त्याची गणना होते. माझे एक वृद्ध स्नेही, एके काळचे सहशिक्षक, गुडघ्यांच्या व्याधीनें घरीं बसून आहेत. "अक्षरें वाचतां येतील असें छायाचित्र आणा, आतां तेवढेंच माझें आक्षीदर्शन," असें त्यांनीं सांगितलें. तेव्हां नातवास व त्याच्या खिशांत मावणाऱ्या स्वस्त डिजिटल कॅमेऱ्यास बरोबर घेऊन मी निघालों.

वाटेंत अलिबागेस उतरलों. ओहोटीस अवकाश होता, म्हणून किनाऱ्यावरूनच कुलाबा किल्ल्याकडे कॅमेरा रोखला. भिंगें पुढें सरकवून दूरचें दृश्य जवळ आणण्याची त्याची शक्ति चांगली. तटाचे चुन्यावांचून रचलेले प्रचंड चिरे आणि लाटांचा जोर जिरविणाऱ्या त्यांमधील फटी स्पष्ट उमटल्या. पेन्सिल-सेल कोणत्याही दुकानांत मिळतात, हीहि प्रवासांत मोठी सोय. परंतु भर उन्हांत मागील पडद्यावर कांहींच दिसेना. डोळा लावून पाहण्यास झरोका नाहीं. शिवाय सरकत्या नळींत वाळू शिरेल या भीतीनें तो सारखा रुमालांत बांधून ठेवावा लागला.

आक्षीस पोहोंचलों तेव्हां दिवस मावळत होता. अंधुक प्रकाश पाहून यंत्रानें आपण होऊन झोत टाकला. पाहतों तों दगड लख्ख, आणि अक्षरें नाहींशीं! झोत भिंगाच्या शेजारून, सरळ समोर पडतो. झिजलेल्या खांचेंत त्यानें सावली पडत नाहीं, आणि सावलीवांचून अक्षर दिसावें कसें? झोत बंद केला, तर चित्र हललें व दाणेदार झालें. अशा कॅमेऱ्यांतील प्रकाश टिपणारी पट्टिका बहुधा अवघी सहा मिलिमीटर रुंद असते. वेष्टनावरील मेगापिक्सेलचे मोठे आंकडे ही उणीव भरून काढीत नाहींत.

शेवटीं कॅमेरा फराळाच्या डब्यावर टेकविला, कळ दाबल्यावर दोन सेकंदांनीं चित्र निघेल अशी योजना केली, आणि नातवास विजेरी दगडाच्या अगदीं कडेनें, तिरपी धरावयास सांगितली. खांचांत सावल्या भरल्या आणि पडद्यावर ओळी उमटल्या! चुकलेलें तत्काळ कळतें व पुनः घेतां येतें, हा या यंत्राचा सर्वांत मोठा गुण. फिल्मच्या काळीं ही चूक घरीं परतल्यावरच उमगली असती.

ज्यांस रात्रीचीं लग्नकार्यें टिपावयाचीं असतील, त्यांनीं याच्या वाटेस जाऊं नये. दिवसाउजेडीं फिरणाऱ्यास, आणि थोडा धीर धरणाऱ्यास, तो पुरेसा आहे.

स्नेह्यांना तें चित्र मोठें करून दिलें. त्यांनीं चष्मा सांवरून बोटानें एकेक अक्षर लावण्यास आरंभ केला. एका ठिकाणीं बोट थबकलें. मी ओशाळून म्हणालों, "तेथें कॅमेरा कमी पडला."

"नाहीं," ते म्हणाले, "हें अक्षर दगडांतूनच गेलें आहे. उरलेलें गेलें नाहीं, तोंवर आणलेंत, हें बरें केलेंत."