टेपवरची अमानत

कॅसेटचा जमाना गेला, असे आपण म्हणतो. घरोघरच्या कव्वालीच्या कॅसेट भंगारात गेल्या, हे खरे. पण चुंबकीय फीत गेलेली नाही. मोठ्या संस्था आपली माहिती आजही टेपवर उतरवतात. एलटीओ टेपच्या नवव्या पिढीची कार्ट्रिज तळहातावर मावते आणि तिच्यात 18 टेराबाइट माहिती बसते. फेब्रुवारी 2011 मध्ये सॉफ्टवेअरच्या दोषामुळे काही जीमेल खात्यांतली पत्रे डिस्कवरच्या सर्व प्रतींतून गेली, तेव्हा गूगलने ती टेपवरूनच परत आणली. कपाटात ठेवलेल्या टेपपर्यंत ना चुकीची आज्ञा पोहोचते, ना व्हायरस.

मी उर्दू-मराठीचा शिक्षक. यातले बारकावे संगणकाचे काम करणाऱ्या भाच्याकडून शिकलो. लिनक्सवर यासाठी 'टार' ही आज्ञा आहे. टेप आणि अर्काइव्ह या शब्दांतून ते नाव आले. एकाच टेप ड्राइव्हला लिनक्समध्ये दोन नावे असतात: एसटी-शून्य आणि एनएसटी-शून्य. पहिल्या नावाने लिहिले की काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. दुसऱ्या नावाने ती जिथल्या तिथे थांबते. सोमवारी आणि मंगळवारी दोन्ही दिवस पहिलेच नाव वापरले, तर मंगळवारची प्रत सोमवारच्या प्रतीवर बसते. एका अक्षराचा फरक! उर्दूत एका नुक्त्याने 'खुदा'चा 'जुदा' होतो, तसाच.

टेपला माहितीचा अखंड पुरवठा लागतो. लाखो बारीक फाइली वाचताना संगणक मागे पडला की ड्राइव्ह थांबतो, फीत मागे घेतो, पुन्हा धावतो. वेळ जातो, फीत झिजते. म्हणून मध्ये बफर ठेवतात. आमच्या आंधळगावात कोशाचे कापड विणतात. माग अडू नये म्हणून कांड्या आधीच भरून ठेवाव्या लागतात, तसेच हे.

पण लिहिले म्हणजे झाले, असे नाही. टेपवरच्या फाइली डिस्कवरच्या मूळ फाइलींशी टारकडून ताडून घेता येतात. हिफ्ज करणारा मुलगा सबक पाठ झाला म्हणून थांबत नाही. उस्तादांना ऐकवतो आणि पुढे आयुष्यभर दौर करत राहतो. परत काढून न पाहिलेली प्रत म्हणजे कोणाला न ऐकवलेला सबक.

मला हे महत्त्वाचे वाटते ते शाळांच्या दाखल-खारीज रजिस्टरमुळे. आजोबांची जन्मतारीख, जात, गाव यांचा एकमेव लेखी पुरावा कित्येक घरांसाठी त्याच एका ओळीत असतो. उर्दू शाळांतली जुनी पाने उर्दूत आहेत आणि ती वाचणारेही कमी होत चालले आहेत. वाळवी आणि पावसाळा थांबत नाहीत. पाने स्कॅन केली, एका हार्ड डिस्कवर ठेवली आणि डिस्क मुख्याध्यापकांच्या कपाटात गेली, तर आपण फक्त कपाट बदलले.

संगणकवाल्यांचा साधा नियम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. टेप ड्राइव्ह महाग असतो. शाळेने तो घ्यावा, असे मी म्हणत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी एक असला तरी अनेक शाळांची रजिस्टरे त्यावर मावतील. ही लोकांची अमानत आहे.

तोवर आपण पालकांनी शाळेत एवढे तरी विचारावे: स्कॅन केलेल्यांपैकी एखादे पान अलीकडे परत उघडून पाहिले आहे का?