परक्या प्रणालीवरचे खेळ

विंडोजसाठी लिहिलेला खेळ लिनक्सवर का चालत नाही, या प्रश्नाचे उत्तर वरवर वाटते तितके सरळ नाही, कारण दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम बहुधा एकाच जातीच्या प्रोसेसरवर चालतात आणि खेळातील बेरीज-वजाबाकीच्या किंवा तुलनेच्या आज्ञा त्या प्रोसेसरला कोणत्याही प्रणालीखाली सारख्याच कळतात. अडचण सुरू होते ती खेळाला स्वतःबाहेरचे काही हवे असते तिथे: फाइल उघडायची असते, पडद्यावर चौकट उभी करायची असते, दाबलेली कळ ओळखायची असते, आवाज काढायचा असतो. ही कामे कोणताही प्रोग्राम स्वतः करत नाही. यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामध्ये उभ्या असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे तो ठरलेल्या नावाने आणि ठरलेल्या रीतीने मागणी करतो, आणि विंडोजकडे करता येणाऱ्या अशा हजारो मागण्यांच्या संचाला विन३२ असे म्हणतात. लिनक्सला यांपैकी एकही मागणी ओळखीची नसते; किंबहुना विंडोजच्या प्रोग्रामची फाइल ज्या साच्यात बांधलेली असते तो साचाही लिनक्सला उलगडत नाही.

१९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘वाइन’ या मुक्तस्रोत प्रकल्पाने, म्हणजे ज्याचा मूळ मजकूर कोणालाही वाचता आणि बदलता येतो अशा प्रकल्पाने, या अडचणीवर जो उपाय शोधला त्याचे मर्म असे की खेळाला विंडोज लागत नाही, विंडोजची उत्तरे लागतात. दौऱ्यावरची नाटक मंडळी कोणत्याही गावच्या मंडपात आपले पडदे आणि नेपथ्य उभारते आणि नटाला एकही वाक्य बदलावे लागत नाही, तसे वाइन मूळ खेळाला हात न लावता त्याच्याभोवती विंडोजचा देखावा उभा करते. सी ड्राइव्ह म्हणून जो खेळाला दिसतो तो प्रत्यक्षात लिनक्सवरचा एक साधा फोल्डर असतो, आणि रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंग्जची नोंदवही, म्हणून जी त्याला भासते त्या काही मजकुराच्या फाइल्स असतात. प्रारंभी हे काम बॉब ॲम्स्टॅट यांच्याकडे होते. १९९४ पासून ते आलेक्झांद्र जुलियार यांच्या देखरेखीखाली आहे. पहिली पूर्ण आवृत्ती, अर्थात १.०, प्रसिद्ध व्हायला २००८ साल उजाडले.

या पंधरा वर्षांत प्रस्तुत लेखकाच्या पिढीचे, म्हणजे नव्वदच्या दशकाअखेरीस ज्यांच्या घरी पहिला संगणक आला त्या मराठी मध्यमवर्गीय मुलांचे, शिक्षण आणि खेळणे दोन्ही आटोपत आले होते. विंडोजशी त्यांचे नाते निवडीतून जडलेले नव्हते. यंत्र जोडून देणारा दुकानदार त्यात विंडोज ९८ घालूनच ते हवाली करी, आणि ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग किंवा ‘काउंटर-स्ट्राइक’ यांची सीडी मित्रांमधून फिरत फिरत आपोआप येई. लिनक्स पुढे आले, संगणकविषयक मासिकांसोबतच्या सीडींवरून आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळांतून, आणि मग एकाच डिस्कवर दोन्ही प्रणाली नांदवण्याची ती पद्धत रूढ झाली जिला ड्युअल बूट म्हणतात, ज्यात यंत्र सुरू होताना कोणती प्रणाली हवी ते विचारले जाते. अभ्यास एकीकडे आणि खेळ दुसरीकडे अशी वाटणी त्यातून इतकी पक्की झाली की यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले जात आहे म्हणजे मुलगा खेळायला बसत आहे, हे घरच्यांनाही उमगू लागले होते. मराठी अक्षरजुळणी करणारे व्यावसायिकही त्या काळी असेच विंडोजला बांधलेले होते, कारण त्यांची फाँटची सॉफ्टवेअर तिथेच चालत. परंतु त्यांची अडचण पोटापाण्याची असल्याने तिला प्रतिष्ठा होती, खेळणाऱ्याची अडचण ही अडचण आहे असे मात्र कोणी मानत नसे.

ज्यांनी मानले त्यांचा धंदा फार काळ टिकला नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या लोकी सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीने गाजलेले खेळ रीतसर परवाने घेऊन लिनक्ससाठी नव्याने बांधून विकले आणि २००२ च्या आरंभी ती बंद पडली. ट्रान्सगेमिंग या दुसऱ्या कंपनीने वाइनचाच मजकूर घेऊन त्यात खेळांसाठी भर घातली आणि ती मासिक वर्गणी घेऊन पुरवली; जुन्या परवान्यानुसार ही भर मूळ प्रकल्पाला परत देण्याचे बंधन तिच्यावर नव्हते, आणि प्रामुख्याने या अनुभवानंतर २००२ मध्ये वाइनने सुधारणांचा मजकूर खुला ठेवण्याची अट घालणारा परवाना स्वीकारला. खेळाडूच्या बाजूने पाहता हा काळ चिकाटीचा होता: ‘वॉरक्राफ्ट ३’ ओपनजीएल या खुल्या चित्रपद्धतीने चालवण्याची सूचना आरंभीच दिली तर तो सुरळीत चाले, इतर कित्येक खेळांत मात्र आवाज असे पण चित्र नसे, किंवा चित्र असे आणि माऊस भलतीकडे जाई. खेळ सुरू करण्याची ही खटपट अनेकांना प्रत्यक्ष खेळापेक्षा अधिक रमवी, हेही नोंदवले पाहिजे.

वाइन घडवण्याच्या कामाची खरी जिकीर मात्र निराळीच आहे. विंडोजचा मूळ मजकूर गुप्त असतो, आणि ज्याने तो पाहिला असेल त्याचा हातभार कायदेशीर कटकटीच्या भयाने वाइन स्वीकारत नाही; म्हणून खऱ्या विंडोजला छोटे छोटे प्रश्न विचारून तिची उत्तरे टिपायची आणि तशीच उत्तरे आपल्याकडून येतील असे पाहायचे, हा मार्ग उरतो. अधिकृत माहितीपत्रात लिहिलेल्या वागणुकीवर भागत नाही, कारण खेळ लिहिणारे विंडोजच्या चुकांवरही नकळत विसंबलेले असतात, आणि मग त्या चुकासुद्धा जशाच्या तशा उतरवाव्या लागतात.

चित्रांचा प्रश्न सर्वांत उशिरा सुटला. १९९५ पासून बहुतेक खेळ ग्राफिक कार्डाशी मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्स या मागण्यांच्या संचातून बोलत आले, आणि त्याचे ओपनजीएलमध्ये केलेले रूपांतर नव्या खेळांना फार संथ पडे. २०१६ मध्ये व्हल्कन हा खुला संच आला, ज्यात कार्डावर अधिक थेट ताबा मिळतो, आणि ‘नियर: ऑटोमाटा’ हा एक खेळ लिनक्सवर खेळता यावा या ओढीने फिलिप रेबोले यांनी डायरेक्टएक्सच्या मागण्या व्हल्कनमध्ये उतरवणारा डीएक्सव्हीके हा दुवा लिहिला. स्टीम हे संगणकावरील खेळांचे सर्वांत मोठे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीला २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या दुकानाची धास्ती वाटत होती. म्हणून तिने काढलेली, लिनक्सवर आधारलेली स्टीम मशीन्स ही खेळायची यंत्रे पुरेशा खेळांअभावी फसली, आणि मग ऑगस्ट २०१८ मध्ये तिने वाइन आणि डीएक्सव्हीके एकत्र करून ‘प्रोटॉन’ आणले, ज्यावर २०२२ चे स्टीम डेक हे हातात धरून खेळायचे यंत्र उभे आहे. खेळांसाठी लिनक्सचा गाभाही बदलला: विंडोजमध्ये एकाच वेळी अनेक घटनांची वाट पाहण्याची जी सोय आहे तिची हुबेहूब जोड, एनटीसिंक या नावाने, २०२५ मधील ६.१४ या आवृत्तीत दाखल झाली.

यातून एक विपरीत स्थिती निर्माण झाली आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी खास लिनक्ससाठी बांधलेले काही खेळ आधाराच्या लायब्ऱ्या बदलत गेल्याने आता नीट चालत नाहीत, आणि त्यांच्याच विंडोज आवृत्त्या प्रोटॉनखाली बिनघोर चालतात. विंडोज ३.१ च्या काळातील सोळा-बिटी प्रोग्राम ६४-बिटी विंडोज मुळी घेतच नाही, वाइन मात्र ते घेते. प्रस्तुत लेखकाच्या पिढीला बालपणीचा एखादा खेळ पुन्हा उघडायचा असेल तर तो ज्या प्रणालीसाठी जन्मला तिच्यापेक्षा परकी प्रणालीच कधी कधी त्याची अधिक निष्ठेने राखण करते.

अपवाद उरतो तो अनेकांनी जाळ्यावर एकत्र खेळण्याच्या काही खेळांचा. त्यांत लबाडी पकडण्यासाठी एक पहारेकरी प्रोग्राम बसवलेला असतो, जो खेळाच्या भोवतालची प्रणाली खरी आहे ना हे तपासत राहतो, आणि प्रत्येक प्रश्नाला विंडोजसारखे उत्तर देणे हीच जिची सारी विद्या त्या वाइनवर त्याचा संशय येणे स्वाभाविक आहे. २०२१ मध्ये ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन प्रमुख पहारेकऱ्यांनी प्रोटॉनला वाट करून दिली, पण ती उघडायची की नाही हे प्रत्येक खेळाच्या निर्मात्यावर सोपवले. ‘एपेक्स लेजंड्स’च्या निर्मात्यांनी ती उघडली, आणि लिनक्सवरून होणारी लबाडी ओळखणे कठीण जाते असे कारण देऊन २०२४ मध्ये पुन्हा बंद केली.